डाव्या अंगाचा चोरखिसा

कमरेचं माप घेताना महमूदच्या हाताला काहीतरी टणक लागलं. शिंप्याचा हात, त्याला न बघता आकार कळतो. टेप गळून खाली पडला आणि महमूद दोन पावलं मागे सरला.

“या अल्लाह!” तो म्हणाला. पाचावर धारण बसली होती त्याची.

“चाचा, रबराचं आहे,” यारुब हसत सुटला. त्याने अंगातला पायघोळ अरबी झगा, दिशदाशा, जरा वर उचलून आतल्या लुंगीच्या पट्ट्यात खोचलेलं निळं पिस्तूल काढून दाखवलं. खेळण्यासारखं दिसत होतं, पण वजनाला पक्कं. “सरावाचं. खरं अजून मिळालेलं नाही.”

“मेल्या, आधी सांगायचंस ना! साठी गाठली मी. इथेच आडवा झालो असतो तर तुझ्या ईदचे कपडे काय तुझ्या आजोबांनी शिवले असते?”

आता हा महमूद कोण, ते सांगायला हवं. गाव हर्णै, जिल्हा रत्नागिरी, धंदा शिवणकाम. अरबांच्या मुलुखात, रुस्ताकच्या बाजारात, किल्ल्याकडे जाणाऱ्या गल्लीत, बावीस वर्षं त्याचं दुकान. जीभ तिखट, पण टाका असा बारीक की सोहारहून लोक गाडी काढून येत. दुकान ज्यांच्या नावावर ते अर्बाब, म्हणजे मालक, खलफान, या यारुबचे आजोबा. यारुब पोटात होता तेव्हापासून नाही, पण चार वर्षांचा होता तेव्हापासून महमूदला ठाऊक. आईबाप अपघातात गेले नि आजोबांनी त्याला वाढवलं. आज सव्वीसचा झाला, सरकारी नोकरीत आहे, दाढी नीट कोरतो. पण महमूदच्या लेखी अजून पोरगंच.

यारुबने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. नवी नेमणूक होणार होती. एका मोठ्या सरकारी साहेबांच्या सोबत राहायचं, पण वर्दीत नाही, साध्या दिशदाशात. बघणाऱ्याला वाटावं कारकून आहे, फायली सांभाळतो. आणि कमरेला मात्र पिस्तूल. कपड्यावरून त्याचा उंचवटा दिसता कामा नये, पण हात घातला की पापणी लवायच्या आत बाहेर यायला हवं.

“आणि आजोबांना नाही सांगायचं हं चाचा. त्यांना वाटतं मी टेबलावर बसतो. कळलं तर ते झोपणार नाहीत.”

“मला शिकवतोस? अरे, शिंप्याला कोणाकोणाची पोटं ठाऊक असतात! मी तोंड उघडलं तर अर्ध्या रुस्ताकची ठरलेली लग्नं मोडतील.”

झालं, महमूद कामाला लागला. वरून ओरडला तरी आतून सुखावला होता. असं काम आयुष्यात एकदाच येतं. पांढरंशुभ्र पातळ कापड त्याने बाद केलं, उन्हात त्यातून सावली दिसते. जरा जाड, मलईच्या रंगाचं कापड घेतलं. घेर दीड इंच वाढवला, पण खांद्यात कसून बसवला, म्हणजे सैलपणा कोणाच्या डोळ्यात येऊ नये. उंचवटा दाबायला आतून कडक बकरमची पट्टी दिली. आणि उजव्या अंगाला चोरखिसा. बाहेरून बघाल तर बाकीच्या खिशांसारखाच, पण आत पिशवीच नाही. हात घालावा तो थेट आरपार, कमरेच्या पट्ट्यापाशी.

पहिल्यांदा घालून बघताना यारुबने सवयीने गाडीच्या किल्ल्या त्यात टाकल्या, त्या सळकन खाली येऊन त्याच्या अंगठ्यावर आदळल्या. दोघं एवढे हसले की शेजारचा चपलांवाला डोकावून गेला.

दहा दिवसांनी यारुब पुन्हा आला, तो तोंड पाडून.

“चाचा, खिसा अडकतो.”

एवढंच म्हणाला तो. पण महमूदच्या मस्तकात तिडीक गेली.

“माझा खिसा अडकतो? माझा? अरे, बावीस वर्षांत एक शिवण परत आली नाही माझ्या दुकानात!”

“सराव घेणारे मास्तरच म्हणाले. पिस्तूल काढायची परीक्षा दोनदा दिली, दोनदा उशीर. ते म्हणाले शिंपी बदल.”

शिंपी बदल! महमूदने त्याला पडद्याआड ओढला, दिशदाशा अंगावर चढवायला लावला आणि निळं पिस्तूल पट्ट्यात खोचायला सांगितलं. “काढ.” यारुबने काढलं. “परत काढ.” परत काढलं. महमूद गुडघ्यावर बसून कापडाकडे बघत राहिला. कापड कुठेच अडत नव्हतं. तरी त्याने खिशाचं तोंड अर्धा इंच मोठं केलं. कडेची शिवण उसवून नवी मारली. “काढ.” तेच. काढताना काहीतरी एक क्षण थांबत होतं, आणि ते कापड नव्हतं, एवढं त्याला कळत होतं. काय ते कळत नव्हतं.

“तिसरी परीक्षा कधी?”

“गुरुवारी. ती शेवटची.” यारुब स्टुलावर बसला. “नाही जमलं तर मुसंदमच्या ऑफिसात फायली लावायला पाठवणार. तिथे जायला बोट नाहीतर विमान. आजोबांच्या डोळ्यांत थेंब कोण टाकणार, चाचा? दुसऱ्या कोणाला ते डोळ्याला हात लावू देत नाहीत. नर्सला हाकलून दिलं त्यांनी.”

खलफान ऐंशीचे होते. साखरेने डोळे गेल्यात जमा होते, आणि जी काही नजर उरली होती ती त्या सकाळ-संध्याकाळच्या थेंबांवर. नातू जवळ असला तर म्हातारा माणसात, नाहीतर नुसता भिंतीकडे तोंड करून. हे महमूदला वेगळं सांगायला नको होतं.

त्याला त्या पोराचा राग आला, त्या मास्तरचा राग आला, आणि सगळ्यात जास्त राग आला तो आपल्या न चालणाऱ्या डोक्याचा. हातात दोऱ्याचं रीळ होतं. त्याच रागात त्याने ते फेकलं.

“धर मेल्या!”

यारुबने ते झेललं. डाव्या हाताने.

महमूद बघतच राहिला. मग त्याने खडू फेकला. डाव्या हाताने. टाचण्यांची उशी फेकली, तीही डाव्याच हाताने. आणि उजवा हात दर वेळी तसाच मांडीवर पडलेला.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच! 

त्याचं असं होतं. महमूद स्वतः जन्माचा डावरा. हर्णैला बापाने मारून मारून त्याला उजव्या हाताने जेवायला शिकवलं, पण कात्री काही त्या हातात गेली नाही. मुंबईहून खास डाव्या हाताची कात्री आणली होती त्याने. रुस्ताकला दुकान उघडलं त्या पहिल्या ईदला खलफान कापड घेऊन आले, महमूदने कात्री डाव्या हातात घेतली, आणि म्हाताऱ्याने कापडावर हात आडवा ठेवला. “ईदचं कापड? या हाताने? नको.” झालं. त्या दिवसापासून दुकानात पडदा. बाहेर माप, खडू, बोलणं-चालणं सगळं उजव्या हाताने, आणि बेतायला-कापायला पडद्याआड. बाजारातल्या लोकांना वाटे, महमूदकडे बेतण्याचं काही गुपित आहे, ते तो कोणाला दाखवत नाही. वाटेना का! धंद्याला बरंच ते.

आणि मग एक दिवस चार वर्षांचा यारुब दुकानात आला, डावा हात कमरेला फडक्याने बांधलेला. आजोबांनीच बांधला होता, खोड मोडायला. ते बाहेर कोणाशी बोलत बसले की पोरगं पडद्याआड घुसे. महमूद गाठ सोडे. मग दोन डावरे तिथे बसत, एक कापड कापत आणि एक खडूने फरशीवर उंट काढत. निघायच्या वेळी महमूद पुन्हा गाठ मारून द्यायचा. या हाताचं त्या हाताला कळू दिलं नाही म्हणतात, तसं चाललं होतं वर्ष-दोन वर्षं. पुढे पोरगं शाळेत गेलं, उजव्या हाताने सुरेख लिहायला लागलं. फडकं सुटलं, पडद्याआड येणंही सुटलं. महमूदला वाटलं, गेली खोड. जित्याची खोड कधी जाते का? त्याची स्वतःची गेली होती का?

“यारुब, तू नेमणुकीच्या फॉर्मवर कुठला हात लिहिलास?”

यारुबने मान खाली घातली. “उजवा.”

“तुझा डावा हात आधी निघतो. तू त्याला थांबवतोस, मग उजवा पाठवतोस. तेवढाच वेळ जातोय. माझा खिसा नाही अडकत रे, तू अडकतोस.”

“आता कसं सांगू त्यांना? लाज वाटते. आणि आजोबा? त्यांना कळलं तर?”

“लाज?” महमूदने ती जुनी कात्री डाव्या हातात घेऊन त्याच्यासमोर नाचवली. “ही बघ. या हाताने तुझ्या आजोबांचे बावीस वर्षांचे ईदचे कपडे कापले मी.”

“पडद्याआड,” यारुब म्हणाला. “अजूनही पडद्याआडच कापता ना, चाचा?”

महमूदला ते लागलं.  त्याने कात्री खाली ठेवली.

“माझं सोड,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज भलताच मऊ झाला होता. “माझ्या हाताला उशीर झाला तर फार तर कोणाची ईद जुन्या कपड्यात जाईल. तुझ्या हाताला उशीर झाला आणि समोरच्याच्या हाताला नाही झाला, तर? मी तुला या मांडीवर बसवून बटणं मोजायला शिकवलंय रे. मी काय तोंड घेऊन जगू? उद्या सकाळी जा आणि मास्तरला सांग. खिसा मी बघतो.”

 यारुबने डाव्या हातातलं रीळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “इन्शाल्ला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाजार बंद असतो त्या वेळात, महमूद नवा दिशदाशा बेतायला बसला. जुन्याचीच दुरुस्ती झाली असती, पण ठिगळ लावलेलं त्याला खपत नव्हतं. वरच्या खोलीतून त्याची बायको सुरैया डबा घेऊन खाली आली. ती दहा वर्षांपूर्वी हर्णैहून आली होती, आणि नवऱ्याची शिवण ती डोळे मिटूनही ओळखायची.

“अवो, जेवाण थंड होतंय. आणि हे काय? डाव्या अंगाला एवढा खिसा? आणि त्याला खाली पिशवीच नाय?”

“फॅशन आहे.”

“फॅशन! रुस्ताकमध्ये? कोणाचा हाय?”

“सुरैया, तुला घटकाभर पण दम धरवत नाही का गं?”

“नका सांगू. पण एकच रेघ तीनदा मारलीत, ती बघा आधी. मासा खावा, मग कापा.”

रेघ तीनदा मारली होती, खरंच. कारण महमूदला कळत होतं तो काय करतोय ते. दुकान अर्बाबच्या नावावर. व्हिसा त्यांच्या सहीवर. त्यांनी दोन वर्षं फडक्याने बांधून ठेवलेला हात तो आज खिसा शिवून मोकळा करत होता, आणि तेही त्यांच्यापासून लपवून. म्हाताऱ्याने उद्या नुसतं ‘खलास’ म्हटलं तर बावीस वर्षांचा संसार दोन पेट्यांत भरून परत हर्णै. पण समोर ते तोंड पाडलेलं पोरगं दिसत होतं, आणि थेंबांची ती बाटली. महमूदने मासा खाल्ला, हात धुतले, आणि कात्री चालवली.

गुरुवारी दुपारपर्यंत त्याने एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली आणि दुसऱ्याच्या दिशदाशाचा गळ्याशी लोंबणारा गोंडा पाठीला लावला. फोन वाजला तेव्हा त्याने तो आधी उलटा धरला.

“चाचा,” यारुब एवढंच म्हणाला आणि थांबला.

“बोल की रे! खिसा अडकला?”

“नाही अडकला. मास्तरने घड्याळ दोनदा बघितलं. म्हणाले, हा हात इतके दिवस कुठे होता?”

महमूदने फोन ठेवला आणि पडद्याआड जाऊन डोळे पुसले. मग बाहेर येऊन उलट्या बाहीच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, “हसताय काय? घाई केलीत तर असंच होणार.”

तीन आठवडे बरे गेले. यारुब रोज सकाळी आजोबांच्या डोळ्यांत थेंब टाकून कामावर जाई, कमरेला खरं पिस्तूल लावून, आणि बाजारातून जाताना महमूदला सलाम करी. कापडावरून काही म्हणजे काही दिसत नसे. महमूद ते मुद्दाम दारात उभा राहून बघे आणि स्वतःवरच खूष होई.

मग एका सकाळी दुकानासमोर टॅक्सी थांबली, आणि खलफान उतरले. हातात काठी, बगलेत बोचकं. वर्षभरात ते दुकानात आले नव्हते. महमूद धावला, हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं, कहव्याचा पेला पुढे केला. म्हाताऱ्याने पेला बाजूला सारला आणि बोचकं सोडलं. मलईच्या रंगाचा दिशदाशा. डाव्या अंगाचा चोरखिसा.

“काल मी पोराला माझी जपमाळ सांभाळायला दिली,” खलफान म्हणाले. “त्याने ती खिशात टाकली आणि ती जमिनीवर पडली. हा खिसा फाटका आहे, महमूद.”

 महमूदने पोराला वचन दिलं होतं. सांगावं तर म्हाताऱ्याची झोप कायमची उडेल. आणि न सांगावं तर… बावीस वर्षांत एक शिवण परत आली नव्हती. ती आज समोर होती, आणि तीही त्याने आयुष्यात शिवलेली सगळ्यात चांगली शिवण.

“चूक झाली, अर्बाब,” महमूद मान खाली घालून म्हणाला. “पिशवी लावायला विसरलो. वय झालं. लावून देतो.”

 खलफाननी आपला सुरकुतलेला हात त्या खिशात घातला. आरपार नेला. आतली बकरमची पट्टी बोटांनी चाचपली, पट्ट्यापर्यंतचं अंतर चाचपलं, कडेचा दुहेरी टाका चाचपला. डोळे गेले होते, बोटं गेली नव्हती.

“तरुणपणी मी वीस वर्षं खांद्यावर बंदूक घेऊन डोंगरात फिरलो,” ते म्हणाले. “बिनपिशवीचा खिसा कशासाठी असतो ते मला तू सांगणार?”

महमूदने घडी घालायला दिशदाशा ओढला, पण म्हाताऱ्याने तो सोडला नाही.

“आणि तो डाव्या बाजूला का, तेही मला ठाऊक आहे. कळलं तर माझी झोप उडेल असं वाटलं ना तुम्हाला? मी अजून झोपतो, घाबरू नकोस. उलट बरी लागते झोप. तो हात मी रोज दोनदा डोळ्यासमोर बघतो. उजव्याने पापणी उघडतो, डाव्याने थेंब टाकतो. एक थेंब बाहेर नाही सांडत.” म्हाताऱ्याने खिशातून हात काढला. “जेवायचं उजव्या हाताने, तो धर्माचा हुकूम आहे. बाकीचं माझं खूळ होतं.”

“अर्बाब, मी…”

“ऐक. तो लहान होता तेव्हा मी त्याचा हात बांधायचो. मी गाठ मारायचो ती उंटवाल्याची. संध्याकाळी घरी सोडायला घ्यायचो ती शिंप्याची.”

महमूदने मान वर केली. बावीस वर्षं! बावीस वर्षं या माणसाला ठाऊक होतं, आणि दर वर्षी ईदचं कापड घेऊन तो याच दुकानात आला होता.

“काहीच नाही बोललात,” तो कसाबसा म्हणाला.

“काय बोलणार? सोडायला हवी होती ती मी. तू सोडत होतास. मग मी बाहेर आणखी जरा वेळ बोलत बसायचो.”

खलफाननी बोचक्यातून दुसरं कापड काढलं, पांढरंशुभ्र, नवं कोरं, आणि टेबलावर पसरलं. “ईद जवळ आली. माझं माप तुझ्याकडे आहेच. काप.”

महमूदने कापडाची घडी उचलली आणि सवयीने पडद्याकडे वळला.

“इथे,” म्हातारा काठी आपटून म्हणाला. “माझ्यासमोर.”

महमूद परत आला. दारात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती, चपलांवालाही डोकावत होता. त्याने कापड अंथरलं, खडूने रेघा मारल्या, आणि टेबलावरची साधी कात्री उजव्या हातात घेतली. ती नेहमीसारखीच अवघडली. पहिलाच काप वाकडा जाणार हे त्याला दिसत होतं.

खलफान पुढे झुकले. त्यांनी पसरलेल्या कापडावर हात आडवा ठेवला, अगदी त्या पहिल्या ईदला ठेवला होता तसाच.

“हात बदल,” ते म्हणाले.